आधी नाव, मग बोलणं

आमच्या घरात कुणी एकट्यानं बोलत नसे. एकानं सुरुवात केली की दुसरा त्याच्या बोलण्यावर आपलं बोलणं चढवायचा, तिसऱ्याला मध्येच काहीतरी आठवायचं, आणि चौथा कुणाचंच न ऐकता सगळ्यांना उत्तर द्यायचा. भांडण म्हणावं तर भांडण नसायचं, ती आमची उठायची, जेवायची, निजायची पद्धतच होती. घर मातीचं, कौलारू, पुढं अंगण, मागं सांदवाडी, आणि सांदवाडीत कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांवर सावली धरून वाळत पडलेली जाळी. अंगणात आबाजी, म्हणजे माझे आजोबा, फाटलं जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून सांधत बसायचे आणि सारी गल्ली ऐकेल एवढ्यानं स्वतःशी बोलायचे. चुलीपाशी माय तव्यावर झिंगे परतायची, त्यांचा चर्र आवाज व्हायचा आणि त्या आवाजावरून ती बाबांशी बोलायची. बाबा विहिरीवरून उत्तर द्यायचे. धाकटा बंडू रडत नसेल तेव्हा गात असायचा. आणि या सगळ्यांच्या वर शांताआत्या. ती बाबांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी परत आली, आणि हे घर आता आपलंच आहे हे गावाला कळावं म्हणून की काय, सगळ्यांत मोठ्यानं बोलायची. कोंढा गावच्या बाजारात मासोळी विकायला ती बसली की पलीकडच्या रांगेतला बांगड्यांवाला आपली जागा बदलायचा, असं बाबा म्हणत. आत्याला ते कौतुक वाटे.

गंमत अशी की हीच माणसं तळ्यावर गेली की मुकी व्हायची. आम्ही ढिवर. गावाच्या तळ्यात मासे धरणं हे आमच्या घराचं पिढ्यांचं काम. मोठं जाळं टाकायचं असलं की दोन डोंगे, म्हणजे लहान होड्या, दोन टोकांना जात, मधली माणसं छातीइतक्या पाण्यात उभी राहत, आणि आबाजी पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, उभे राहून हाक देत. तिथला कायदा घट्ट होता. बोलेल तो एकटा आबाजी. तेही एकदम काम सांगायचं नाही. आधी फक्त नाव. "देवराऽम." एवढंच म्हणून थांबायचं. माझे बाबा लांबून बांबू वर करून "होऽ" म्हणत. तो हो आल्याशिवाय आबाजी पुढचा शब्द काढत नसत. मग सांगत, "डाव्या अंगानं दाब." पाण्यावर वारा असतो, बोलणं अर्धं इकडं जातं, अर्धं तिकडं. दोघांनी एकदम हाक दिली तर एकाचीही पोचत नाही, आणि तेवढ्यात जाळं बुडातल्या खुंटाला अडकून फाटतं. मी न्याहारीची आंबील घेऊन पाळीवर जायचे तेव्हा ते सगळं बघत बसायचे. ओली माणसं घरी आली, अंग पुसलं की पुन्हा सगळी एकदम बोलायला लागत. मला वाटायचं, ती शांतता तळ्याची आहे, ती तिथंच ठेवून यावी लागते.

पडले ती मी धान चुरण्याच्या दिवसांत. शेजारच्या पाटलांच्या खळ्यावर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग घरापेक्षा उंच झाला होता. त्यावर चढून घसरत खाली यायचं हा आमचा खेळ. मोठी माणसं रागवायची ती तणीस विस्कटतं म्हणून, पोरं पडतील म्हणून नव्हे, कारण तणसावर पडून कुणाला काय होतंय. मलाही काही झालं नसतं. पण त्या दिवशी ढिगाच्या खाली कुणीतरी बंडी आणून सोडली होती आणि मी डोळे मिटून घसरले. चाकाची लोखंडी धाव कानाच्या वर लागली. पुढचं मला आठवतं ते असं की मी मायच्या मांडीवर आहे, तोंडाला आंबट वास आहे, आणि आत्या गावाला सांगतेय की पोट्टी वाचली. पवनीच्या डॉक्टरांनी टाके घातले. निजू द्या, धावू देऊ नका, उजेडात फार नेऊ नका, म्हणाले. काही दिवसांत टाके सुकले, चक्कर यायची थांबली, आणि मी बरी झाले असं सगळ्यांनी ठरवलं. मीही ठरवलं.

मग हळूहळू कळायला लागलं की काहीतरी राहून गेलंय. सांदवाडीत एकटी बसले असले की मला सगळं ऐकू यायचं. कौलावरून खार गेली तरी कळायचं. माय जवळ येऊन काही बोलली तर शब्द नि शब्द समजायचा. पण घरात सगळे जमले, सगळे बोलायला लागले, की त्या बोलण्याचा भात व्हायचा, आधण आलेला, रटरटणारा. आवाज आहे, पुष्कळ आहे, पण त्यातलं एकही शीत वेगळं उचलता येत नाही. बाबा माझ्याकडं बघून काही म्हणताहेत एवढं दिसायचं. काय म्हणताहेत ते कळेपर्यंत ते रागावलेले असायचे. भांडं पडलं तर डोक्यात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. संध्याकाळपर्यंत मी एवढी थकून जायचे की जेवता जेवता डोळे मिटायचे, आणि मग सगळे म्हणायचे, हिला काहीच काम नाही तरी ही थकते कशी.

घरात दोन पक्ष पडले. आबाजींचा पक्ष म्हणायचा, पोरगी भयरी झाली. आत्याचा पक्ष म्हणायचा, पोरगी ढोंग करते. आबाजींच्या पक्षानं उपाय केले. कानात लसणाचं कोमट तेल आलं, कोंबडीचं पीस आलं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सगळे ओरडून बोलायला लागले. आधीच मोठ्यानं बोलणारी माणसं, त्यांनी माझ्यासाठी आवाज आणखी चढवला. शेजारीपाजारीही प्रेमानं ओरडून जायचे. "सुमे, जेवली का व," हे मी तेव्हा एवढ्या जोरात ऐकलंय की आजही कुणी जेवलात का विचारलं की मी अंमळ मागं सरकते. आत्याचा पक्ष मात्र परीक्षा घ्यायचा. एके दुपारी मी एकटीच तांदूळ निवडत होते. आत्या मांजरीच्या पावलानं मागून आली आणि अगदी हळू म्हणाली, "मुरमुरे खातं का?"

"हो," मी म्हटलं.

"पायलं का," आत्या घराकडं तोंड करून ओरडली, "पाय गा देवराम, मुरमुऱ्याचं बरोबर आयकू येते इले. पाणी आण म्हटलं का येत नाई."

"शांताबाई, तिनं ऐकलं असन एखाद बार," माय म्हणाली.

"एखाद बार काहून? कान का पावसाळ्यातला नाला आहे, कवा वाहते कवा आटते?"

मुरमुरे तिनं दिले. भरपूर दिले, वर गूळही दिला. आत्याचं ते तसंच होतं, चोर म्हणून धरायचं आणि धरल्यावर जेवू घालायचं. मी मुरमुरे खात विचार करत बसले की आत्या म्हणते ते खरं तर नसेल. माझा स्वभावच तसा. चारचौघांनी एखादी गोष्ट सांगितली की मला ती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत असेल असं वाटतं. अजूनही गॅस बंद केला का ते मी दोनदा बघते आणि सुनेला तिसऱ्यांदा बघायला लावते. तेव्हा तर मी लहान होते. रोज सकाळी उठून मी ठरवायचे, आज ढोंग करायचं नाही, आज सगळं ऐकायचं. दुपारपर्यंत तेही मोडायचं.

शाळेत एका खोलीत दोन वर्ग बसायचे. एका भिंतीकडं तोंड करून आम्ही, दुसऱ्या भिंतीकडं तोंड करून खालचा वर्ग. ते पाढे म्हणायचे तेव्हा आम्हाला गुरुजी भूगोल सांगायचे. बाकीच्या पोरांना ते जमायचं, पूर्वी मलाही जमायचं. आता माझ्या भूगोलात पाढे मिसळून जायचे. गुरुजी भले गृहस्थ होते, त्यांनी मला पहिल्या ओळीत बसवलं. पण पहिली ओळ म्हणजे दोन्ही वर्गांच्या मधोमध. ते बाबांना म्हणाले, "देवरामभाऊ, पोरगी हुशार आहे, पण तिला शांत जागा पाहिजे. इथं कुठून आणू शांत जागा?"

ही गोष्ट नागपूरला मामाच्या कानावर गेली. मामा तिथं कापडाच्या दुकानात कामाला होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, दोन खोल्यांचं घर, मामी आणि ते. त्यांनी निरोप धाडला की सुमनला माझ्याकडं ठेवा, इथं घरात कुणी बोलणारं नाही, शाळाही चांगली आहे, उन्हाळ्यात येऊन घेऊन जातो. निरोप आणणाऱ्यानं तो अंगणात सांगितला. मायनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. मला कळलं ते रात्री तिनं मला कुशीत घेऊन हळू सांगितलं तेव्हा. मामा मला आवडायचे. पण जायचं म्हणजे या घरातून जायचं, आणि परत कधी ते कुणीच सांगत नव्हतं. शिवाय आत गाठ होती ती ही, की मी ढोंगी असेन तर ढोंग सोडलं की जायला नको. आणि ते तर मला सोडता येत नव्हतं.

त्याआधी एकदा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात कान दाखवून आणावेत असं ठरलं. बाबा आणि मी एसटीनं गेलो, मामांकडं उतरलो. त्या घरात पाऊल टाकलं आणि मला सगळं ऐकू यायला लागलं. मामी इतकी हळू बोलायची, आणि बोलून झाल्यावर इतकी गप्प बसायची की प्रत्येक शब्द तबकात ठेवून दिल्यासारखा मिळायचा. बाबा बघत होते. मी पटापट उत्तरं देतेय, हसतेय, हे त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला, कारण मामाचं म्हणणं खरं ठरत होतं. जेवताना मात्र त्या घरात कुणीच काही बोललं नाही. मी पापड मोडला तो मलाच एवढा मोठ्यानं ऐकू आला की उरलेला मी वरणात भिजवून मऊ करून खाल्ला.

दवाखान्यात एका काचेच्या खोलीत मला बसवलं, कानांवर मोठाले टोप चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर बसलेल्या बाई तरुण होत्या, केसांना बारीक क्लिप लावलेल्या. मी दाबत गेले. अगदी डास लांबून जावा एवढासा आवाज आला तरी दाबला. मला वाटलं, आज मी जिंकले. बाई उठून बाबांना म्हणाल्या, "कान उत्तम आहेत. काहीच दोष नाही."

बाबांनी हात जोडले. आम्ही बाहेर आलो, त्या लांबलचक पडवीत. बाकांवर माणसं, रडणारी लेकरं, नर्सची हाक, चहावाल्याची किटली, लोखंडी गाडी ढकलत नेणारा माणूस. बाबा माझ्याकडं वळून काहीतरी म्हणाले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी हसले, कारण न कळल्यावर हसायचं हे मी तोपर्यंत शिकले होते. बाबांनी माझा दंड धरून मला जिन्याच्या वळणावर आणलं. तिथं कुणी नव्हतं. "चहा पितं का म्हणून दोनदा विचारलो," ते म्हणाले. "कान चांगले आहेत म्हणते ते बाई. मंग तू आमाले येडं बनवून राहिली होती का सुमन?"

हे मला स्पष्ट ऐकू आलं. बाबा कधी रागवायचे तर आवाज चढवायचे, तेव्हा त्यांनी चढवला नव्हता. मी रडले नाही, माझं नाक तेवढं वाहायला लागलं. आणि वर बघते तो जिन्याच्या कठड्याशी त्या क्लिपवाल्या बाई उभ्या. त्या चहा प्यायला निघाल्या होत्या आणि पडवीतलं सगळं त्यांनी बघितलं होतं. "थांबा हो," त्या म्हणाल्या. "पुन्हा आत या."

त्यांनी या वेळी काचेच्या खोलीत नेलं नाही. आपल्या टेबलाजवळ बसवलं, मला काही शब्द म्हणायला लावले, ते सगळे मी बरोबर म्हटले. मग दार उघडं टाकलं, पंखा मोठा केला, बाबांना आणि शिपायाला शेजारी आपसांत बोलत राहायला सांगितलं, आणि पुन्हा तसेच शब्द म्हणायला लावले. मी चुकले. पुष्कळ चुकले. बाबा बोलायचे थांबून बघायला लागले तेव्हा बाईंनी त्यांना बोलत राहा म्हणून हातानं खूण केली, आणि बाबा बिचारे शिपायाला आमच्या तळ्यातल्या मरळीबद्दल सांगत राहिले. मग बाईंनी दार लावलं. "मुलगी खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "डोक्याला मार लागल्यावर काही मुलांचं असं होतं. कान आवाज आत पोचवतो, पण गर्दीतला एक आवाज निवडून घ्यायचं काम डोक्याचं असतं, त्याला अजून वेळ लागतोय. त्यानंच ती थकते. हळूहळू सुधारेल, बहुतेकांचं सुधारतं. तोवर ओरडू नका, ओरडून उपयोग नाही. एका वेळी एकानंच बोला. आधी तिचं लक्ष आपल्याकडं आहे का बघा, मग बोला. आणि उत्तराला वेळ द्या."

बाबांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे तळ्यावानी."

"कसं?" बाईंनी विचारलं.

बाबांनी सांगितलं. डोंगा, पाळ, आबाजी, नाव, हो. हात लांब करून बांबू कसा वर करतात तेही दाखवलं. बाई हसल्या. "तसंच करा," म्हणाल्या. "अगदी तसंच." त्यांचं नाव मी विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. रोज दिवा लावताना ज्यांच्यासाठी मी हात जोडते त्यांत एक बिननावाच्या, क्लिपवाल्या बाई आहेत.

घरी आल्यावर बाबांनी सगळ्यांना अंगणात बसवून सांगितलं की आजपासून घरात तळ्याचा कायदा. आधी नाव, मग थांबायचं, हो आला की बोलायचं, आणि एक बोलतो तेव्हा बाकीचे चूप. आबाजी म्हणाले, "एवढ्यासाठी नागपूरले गेले होते का? मीच सांगतलं असतं." सांगितलं मात्र नव्हतं, तेल घातलं होतं. आत्या म्हणाली, "घरात का जाळं टाकून राहिले तुमी? आन कान चांगले निंगाले तर आयकू काहून येत नाई? मंग मी म्हणत होती तेच झालं ना, ढोंग."

"शांताबाई," आबाजींनी हाक दिली आणि थांबले.

आत्या इकडंतिकडं बघायला लागली. "काय?"

"काय नाई. हो म्हणाव लागते."

"हो."

"चूप राय."

ते पहिले दिवस आठवले की मी इथं कोइमतूरला गिरणीच्या खानावळीत कांदे चिरता चिरता एकटीच हसते आणि बाजूच्या बायका विचारतात काय झालं. आमच्या घरात कायदा आला आणि सगळ्यांची पंचाईत झाली. भांडण तर करताच येईना. एकदा रस्सा खारट झाला. आत्या तावातावानं म्हणाली, "जनी." माय म्हणाली, "हो." "रश्शात मीठ कोणं टाकलं?" आता मायची पाळी. माय शांतपणे म्हणाली, "शांताबाई." आत्याला हो म्हणावंच लागलं. "तुमीच टाकलं," माय म्हणाली. मध्ये इतका वेळ गेला होता की आत्याचा राग निवून गेला, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत बसल्या. बंडूनं कायद्यातली फट शोधून काढली. त्याला हाक मारली की तो हो म्हणायचाच नाही. हो नाही तर पुढं काम सांगता येत नाही. तो ओसरीवर बसून आकाशाकडं बघायचा आणि सगळे त्याच्या तोंडाकडं. शेवटी आबाजींनी पोटकायदा केला की जो हो म्हणणार नाही त्याच्या ताटात मासोळीचं डोकं पडणार नाही. त्या दिवसापासून बंडू हाक मारायच्या आधीच हो म्हणायला लागला.

आणि मी. मला पहिल्यांदा कळलं की घरातली माणसं दिवसभर काय बोलतात. सगळं एकेक करून माझ्याकडं येत होतं. मी एकदम बरी झाले असं नाही. पाहुणे आले, लग्नकार्य निघालं की पुन्हा भात रटरटायचा, आणि शाळेतला भूगोल पाढ्यांत बुडलेला तो बुडालेलाच राहिला. पण घरी आल्यावर टेकायला जागा झाली. संध्याकाळी जेवताना मी जागी राहायला लागले. एकट्या आत्याला काही जमेना. ती नाव घ्यायची आणि थांबायचं विसरून पुढं धावायची, किंवा सगळं बोलून झाल्यावर शेवटी नाव घ्यायची. "मह्या तोंडाले फाटक नाई," म्हणायची. माझ्यावरचा तिचा संशयही गेला नव्हता. मी काही चटकन ऐकलं की ती मायकडं भुवई उडवून बघायची.

आता इथं या मुलखात राहून मला पुष्कळ वर्षं झाली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर गिरणीच्या कामासाठी आले तेव्हा इथली भाषा एक अक्षर येत नव्हती. बरोबर आलेल्या बायका आठ-आठ दिवस रडल्या, की चहूकडं नुसता आवाज, काही कळत नाही. मला सवय होती. मी समोरच्याच्या तोंडाकडं बघायचे, त्याचं बोलणं संपू द्यायचे, आणि मग विचारायचे. सूनही इथलीच मिळाली. ती मला आधी "अत्तै", म्हणजे सासूबाई, म्हणून हाक मारते, मी वर बघेपर्यंत थांबते, मग बोलते. तिला हे कुणी शिकवलं नाही, मुलानं शिकवलं असेल. चांगली माणसं मिळत गेली मला, काही कारण नसताना.

त्या उन्हाळ्यात ठरल्याप्रमाणे मामा आले. तळं आटत आलं होतं, मोठं जाळं पडून गेलं होतं, आणि मामांसाठी मायनं मरळीचा रस्सा, भात, आंबाडीची भाजी केली होती. मामीनं माझ्यासाठी नवा फ्रॉक पाठवला होता, पिवळा, खिशांचा. मामा बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले की उद्या सकाळच्या गाडीनं निघू. पाहुणा आल्यावर कायदा कुठला. सगळे एकदम सुरू झाले. मामा म्हणत होते, तिकडं शाळेत एका खोलीत एकच वर्ग असतो. बाबा म्हणत होते, ते खरं आहे, पण. त्या पणच्या पुढं ते जात नव्हते, कारण मी मामाच्या घरी कशी हसले होते ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आबाजी म्हणत होते, पोरीची जात, आज ना उद्या जाणारच. माय म्हणत होती, बारकी आहे अजून. आणि बंडू, सुमन गेली तर तिची वाकळ माझी. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी ओसरीच्या खांबाशी रश्शाचं भांडं धरून उभी होते आणि माझ्यापर्यंत नुसतं शाळा, घर, पोरगी, शांत, असं तुकड्यातुकड्यानं येत होतं. माझ्याबद्दल बोलताहेत एवढं कळत होतं. ठरत आलंय हेही कळत होतं, कारण बाबांनी मान खाली घातली होती.

"सुमन."

आत्यानं हाक मारली होती. मोठ्यानं नाही. मी तिच्याकडं बघितलं, आणि मला वाटलं आता ती पुढं धावेल. ती धावली नाही. ओठ दाबून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि तिचं ते गप्प बसणं एवढं नवीन होतं की एकेक करून सगळे थांबले. आधी माय, मग बाबा. मामांचा घास हातात राहिला. बंडूनं तोंड उघडलं, आबाजींनी त्यावर तळहात ठेवला.

"हो," मी म्हटलं.

"तुले जाचं आहे का नागपूरले?"

प्रश्न पोचायला थोडा वेळ लागला. उत्तर निघायला त्याहून जास्त. मामीचं हळू बोलणं आठवलं, पिवळा फ्रॉक दिसत होता, मामांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, त्यांना वाईट वाटेल असं वाटत होतं. तिकडं गेले असते तर कदाचित मॅट्रिक झाले असते. आठवीनंतर माझी शाळा सुटली, त्यात भूगोलाचा आणि पाढ्यांचा वाटा होताच, हे मी आजही एखाद्या दुपारी घोळत बसते. पण त्या वेळी कुणी मध्ये बोललं नाही. कुणी माझ्या वतीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सगळं घर तळ्यावर उभं राहिल्यासारखं माझ्या तोंडाकडं बघत होतं.

"नाई," मी म्हटलं.

"झालं," आत्या म्हणाली, आणि मग तिनं साठवून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. मामांना वाढलं का, रस्सा थंडा होऊन राहिला, पोट्टी भांडं धरून किती वेळ उभी आहे, कोणी घेत काहून नाई तिच्या हातचं.

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनीही तसंच केलं. "सुमन," म्हणाले, आणि थांबले.

"हो."

"सुट्टीत तरी येजो. तुही मामी वाट पायते."

"येईन," मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटात मरळीचा मोठा तुकडा वाढला. मी गेलेही. पुढं प्रत्येक उन्हाळ्यात जात राहिले, मामीला पापड मोठ्यानं खायची सवय लावली.

लग्न होऊन मी इतक्या लांब निघाले त्याच्या आदल्या दिवशी आत्या माझ्या केसांना तेल लावत होती. मी विचारलं, आत्या, तुला माझं खरं केव्हा वाटलं. तिनं वेणीचा पेड ओढून घट्ट केला.

"खरं? मले तं अजूनबी वाटते तू ढोंग करत होती," ती म्हणाली. "पण ढोंगी पोरीलेबी विचाराव लागतेच ना, जातं का म्हणून."